निरुपद्रवी म्हणजे कोणास निरुपद्रवी?

‘आम्हांस काही होत नाही’ हे वाक्य आपल्या खेड्यापाड्यांत दिवसातून कितीतरी वेळा कानी पडते. पाणी उकळून प्या असे कोणी सांगितले, की उत्तर येते, ‘आम्ही जन्मभर असेच पीत आलो, आम्हांस काही होत नाही.’ रोग्याच्या खाटेवर बसू नका, असे दवाखान्यातील परिचारिकेने म्हटले, की भेटीस आलेले नातलग एकमेकांकडे पाहून हसतात आणि म्हणतात, ‘आम्ही कोठे आजारी आहो?’ हे बोलणे खोटे नसते. बोलणाऱ्यास खरोखरच काही झालेले नसते. परंतु एखादे वाक्य खरे असले म्हणजे ते पुरेसे असतेच असे नाही. ज्याने ते उच्चारले त्याच्यापुरते ते खरे. पण खाटेवर जो निजला आहे त्याच्याविषयी ते काहीच सांगत नाही.

ह्या लेखात ह्याच वाक्याची परीक्षा करावयाची आहे. प्रश्न असा की, जी वस्तू मला अपाय करीत नाही, तिच्यामुळे माझ्या हातून दुसऱ्यास अपाय झाला, तर त्याबद्दल मी देवापुढे उत्तरदायी आहे काय? प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु मोठमोठ्या रुग्णालयांत क्वचित् आढळणाऱ्या काही रोगजंतूंची हकीकत पाहिली, म्हणजे हा प्रश्न किती जणांच्या प्राणांशी जडलेला आहे ते कळून येते. म्हणून अगोदर हकीकत सांगतो आणि मग विचार करू.

सन १८१९ मध्ये इटली देशातील पादुआ नगराजवळ लेन्यारो नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी मक्याच्या पिठाचा घाटा तांबडा झालेला दिसला. त्यावर रक्ताचे थेंब सांडावेत तसे डाग पडले होते. लोकांत मोठी घबराट झाली आणि हा काही अमंगळ प्रकार आहे असे ते म्हणू लागले. तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओ नावाच्या औषधशास्त्रज्ञाने शोध करून दाखविले की, हा रंग भुताचा नव्हे व शापाचाही नव्हे. दमट आणि उबदार हवेत पिठूळ अन्नावर वाढणाऱ्या एका अतिसूक्ष्म सजीवाचा तो रंग आहे. त्याने त्यास सेरेशिया मार्सेसेन्स हे नाव दिले. त्यातील पहिला शब्द सेराटी नावाच्या इटालियन विद्वानाच्या स्मरणार्थ आहे; दुसऱ्याचा अर्थ कोमेजणारा असा आहे, कारण तो तांबडा रंग लवकर विटतो. एका गावाची भीती ज्ञानाने दूर केली, ही गोष्ट आपणही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु भीती गेली तिच्या जागी दुसरी चूक येऊन बसली. पुढे शंभराहून अधिक वर्षे ह्या जंतूस विद्वान लोक अगदी निरुपद्रवी समजत आले. त्याचा रंग चटकन ओळखू येत असल्यामुळे इतर जंतू कसे पसरतात हे शोधून काढण्यास त्याचा खुणेप्रमाणे उपयोग करीत. सन १९०६ मध्ये लंडन येथे गॉर्डन नावाच्या वैद्याने ह्या जंतूंच्या द्रवाने गुळण्या केल्या, आणि पार्लमेंटाच्या रिकाम्या सभागृहात उभे राहून मोठ्याने नाटकातील उतारे म्हटले. बोलताना तोंडातून उडणारे जंतू किती दूर जातात हे त्यास पाहावयाचे होते. सभागृहात ठेवलेल्या तबकड्यांवर दूरदूरपर्यंत हे जंतू उगवले. गॉर्डनला काही झाले नाही. ‘आम्हांस काही होत नाही’ ह्या वाक्यास शास्त्राचा जणू शिक्का मिळाला.

ह्याच भरवशावर सन १९५० मध्ये एक भयंकर गोष्ट घडली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या आरमाराने सॅन फ्रान्सिस्को नगराच्या किनाऱ्याजवळ जहाजावरून हे जंतू आणि दुसऱ्या एका जातीचे जंतू अनेक दिवस हवेत फवारले. शत्रूने रोगजंतूंचा मारा केला तर तो नगरात कोठपर्यंत पोहोचेल, हे अजमावण्याचा हेतू होता. नगराची वस्ती आठ लाखांच्या घरात होती. त्यांपैकी कोणासही विचारले नाही आणि कोणासही कळविले नाही. बहुतेक सर्वांनी ते जंतू श्वासाबरोबर आत घेतले, आणि बहुतेक सर्वांना काही झाले नाही.

पण त्याच नगरातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात ऑक्टोबर महिन्यापासून अकरा रोग्यांस ह्याच जातीच्या जंतूंची बाधा झालेली दिसून आली. त्या सर्वांवर मूत्रमार्गाचे काही ना काही उपचार झालेले होते. त्यांपैकी एक वृद्ध मनुष्य, ज्याच्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, हृदयास बाधा पोहोचून मरण पावला. असा रोग तेथील वैद्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता. त्यांनी चकित होऊन १९५१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जहाजाची गोष्ट त्यांच्या कानी आलेली नव्हती. ती उघडकीस येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. पुढील वर्षी अमेरिकेच्या सिनेटपुढे तिची चौकशी झाली. मृताच्या कुटुंबीयांनी सरकारवर दावा लावला, परंतु १९८१ साली न्यायालयाने तो फेटाळला. फवारलेल्या जंतूंमुळेच तो मनुष्य दगावला हे सिद्ध झाले नाही, आणि आजही ते निश्चित सांगता येत नाही. म्हणून आपणही आरमाराच्या माथी खुनाचा दोष मारू नये. परंतु न्यायालयाचा निकाल लागला म्हणजे नीतीचा प्रश्न निकालात निघाला असे होत नाही. आठ लाख लोकांत रोगी किती, तान्ही मुले किती, शस्त्रक्रियेच्या जखमा अजून ओल्या आहेत असे किती, हा प्रश्न जहाजावरील कोणासही थांबवू शकला नाही. का? तर ‘निरुपद्रवी’ हा शब्द त्यांच्या मनात आडवा आला होता.

आता ह्या शब्दातच काय उणे आहे ते पाहू. देवाने मनुष्याचे शरीर तटबंदीच्या नगरासारखे घडविले आहे. त्वचा हा त्याचा तट. नाक, घसा व आतडी येथे त्याचे पहारेकरी. आणि रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी हे त्याचे सैन्य. सेरेशियासारखे जंतू मातीत, पाण्यात, न्हाणीच्या ओलाव्यात सर्वत्र असतात. धडधाकट मनुष्याच्या तटावर ते रोज येऊन आदळतात आणि परत फिरतात. परंतु रुग्णालयात निजलेल्या मनुष्याच्या तटास खिंडार पडलेले असते. सलाईनची सुई त्वचा भेदून थेट रक्तात गेलेली असते. लघवीची नळी आत घातलेली असते. श्वासाच्या यंत्राची नळी घशातून उतरलेली असते. ही खिंडारे वैद्यांनीच पाडलेली असतात, आणि ती जीव वाचविण्यासाठी पाडावी लागतात. तशात दिवसांपूर्वी जन्मलेले बालक, भाजलेली स्त्री, मधुमेहाने जर्जर झालेला वृद्ध, कर्करोगावरील औषधे घेणारा मनुष्य ह्यांचे आतले सैन्यही क्षीण झालेले असते. नहेम्या यरुशलेमेस आला तेव्हा त्यास पडलेला कोट आणि जळालेल्या वेशी दिसल्या, तशी त्यांची स्थिती असते. अशा नगरात शिरण्यास बलाढ्य शत्रू लागत नाही. वाटेवरचा भुरटा चोरही पुरतो.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, रुग्णालयांत रोग उत्पन्न करणारे सेरेशिया जंतू बहुधा तो प्रसिद्ध तांबडा रंग धारण करीतच नाहीत. ते रंगहीन असतात. ज्या रंगामुळे लेन्यारोचे लोक घाबरले तो रंग पुष्कळदा केवळ अन्न नासवीत होता. आणि जो जीव घेतो तो कोणतीही खूण न दाखविता येतो.

सन २०११ मध्ये अमेरिकेतील अलाबामा प्रांतात काय घडले पाहा. ज्या रोग्यांस तोंडाने अन्न घेता येत नाही त्यांना शिरेतून पोषक द्रव देतात. तो द्रव जेथे तयार होई तेथील पाण्याच्या नळावर आणि द्रव मिसळण्याच्या भांड्यात हे जंतू सापडले. तो द्रव घेतलेल्या एकोणीस रोग्यांस बाधा झाली आणि त्यांपैकी नऊ मरण पावले. ते सर्व अगोदरच अत्यंत आजारी होते. नळाचे पाणी! निरोगी मनुष्य ते पितो आणि त्यास काही होत नाही. तेच जंतू शिरेत गेले तेव्हा विष ठरले. पाणी बदलले नाही. ते ज्याच्यापाशी पोहोचले तो मनुष्य बदलला.

आपल्याकडील कांदा पिकविणाऱ्या बांधवांस दुसरा एक दाखला अधिक जवळचा वाटेल. सन १९५० मध्ये बर्कहोल्डर नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने कांदा सडविणाऱ्या एका जंतूचे वर्णन केले. पुढे त्या जंतूस त्याचेच नाव मिळाले. आज त्यास बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणतात, आणि सेपेशिया हा शब्द कांद्याच्या लॅटिन नावावरून आला आहे. सडका कांदा निवडून फेकणाऱ्या शेतकऱ्यास त्याच्यापासून सहसा काही होत नाही. पण सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात आजार ज्यांस आहे, ज्यांच्या फुप्फुसांत चिकट कफ साचतो, त्यांच्या छातीत हा जंतू एकदा शिरला की त्यास हुसकावणे फार कठीण जाते आणि पुष्कळांचा तो प्राण घेतो. रुग्णालयांत जखमा धुण्याच्या जंतुनाशक द्रवांतसुद्धा हा जिवंत राहिलेला आढळला आहे.

तेव्हा सिद्ध होते ते हे की, ‘निरुपद्रवी’ हा वस्तूचा गुण नव्हे. तो वस्तू आणि मनुष्य ह्यांमधील संबंध आहे. मीठ खारट आहे असे आपण म्हणतो तसे अमुक जंतू निरुपद्रवी आहे असे म्हणता येत नाही. निरुपद्रवी कोणास, हे सांगितल्यावाचून तो शब्द अपुरा आहे. जो सशक्त आहे तो आपल्या अंगावरून मोजमाप करतो आणि तेच सर्व जगाचे माप आहे असे समजतो. येथेच शास्त्राचा विषय संपून नीतीचा विषय सुरू होतो.

कोणी म्हणेल, ‘माझा हेतू वाईट नव्हता, मग मला दोष कसा?’ हेतूचे महत्त्व पवित्र शास्त्र नाकारीत नाही. नकळत मनुष्यवध करणाऱ्यासाठी मोशेच्या नियमशास्त्राने आश्रयाची नगरे राखून ठेवली होती. परंतु त्याच नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्यास अशी आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. आपल्या देशावरील माळवदाच्या घरांत राहणाऱ्यांस ही आज्ञा सहज समजेल. घरधन्यास स्वतःकरिता कठड्याची गरज नसते. त्याच्या पायाला धाब्याची कड ठाऊक असते. तो अंधारातही पडत नाही. कठडा लागतो तो पाहुण्यास, लेकरास, डोळ्यांनी अधू झालेल्या म्हातारीस. ‘मी कधी पडलो नाही’ हे उत्तर देव ऐकून घेत नाही. कोणास ढकलू नये एवढेच पुरे नाही. कोणी पडू नये म्हणून आधी विटा रचाव्यात, असे तो सांगतो.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस हीच गोष्ट दुसऱ्या प्रसंगाने शिकविली. मूर्तीस दाखविलेले मांस खावे की न खावे, असा तेथे वाद होता. ज्ञानी लोक म्हणत की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा त्या मांसाने आम्हांस काही होत नाही. त्यांचे म्हणणे खोटे आहे असे पौल म्हणत नाही. मांस निरुपद्रवी आहे हे तो कबूल करतो. परंतु ज्या भावाची विवेकबुद्धी अजून दुर्बल आहे त्याचा त्यामुळे नाश होत असेल, तर आपण मांस कधीच खाणार नाही, इतके तो पुढे जाऊन सांगतो. पौलाने माप बदलले. सबळाच्या पचनशक्तीवरून नव्हे, तर दुर्बलाच्या सहनशक्तीवरून त्याने आपल्या मोकळीकीची हद्द ठरविली. जे विवेकबुद्धीविषयी खरे आहे ते जखमेविषयी का खरे नसावे?

दुसरा आक्षेप आपल्या मंडळीत अधिक ऐकू येतो. ‘मरणे जगणे देवाच्या हाती, हात धुतल्याने आयुष्याची दोरी लांबते काय?’ ह्या बोलण्यात विश्वासाचा वास येतो, पण तो विश्वास नव्हे. सैतानाने प्रभूस मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकण्यास सांगितले, तेव्हा देवदूत झेलतील ह्या वचनाचाच त्याने आधार घेतला होता. प्रभूने ती उडी नाकारली. आणि येथे तर उडी आपली नसते. आपण दुसऱ्यास शिखरावरून ढकलून त्यास देवावर भरवसा ठेवण्यास सांगतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो प्रभूच्याच चरित्रातून निघतो. प्रभू येशूने कुष्ठरोग्यास हात लावला. ज्यास सर्वांनी दूर ठेवले होते त्यास त्याने जवळ केले. मग रोग्यापासून अंतर राखा, हात धुवा, गर्दी करू नका, हे नियम ख्रिस्ती प्रीतीच्या विरुद्ध नाहीत काय? आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील स्पर्शास्पर्शाचे दुःख भोगून ह्या मंडळीत आले आहेत. ‘शिवू नको’ हा शब्द त्यांच्या कानाला अजून बोचतो. म्हणून ह्या आक्षेपाचे उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे.

उत्तर असे आहे. धोका कोणीकडून कोणाकडे जातो ते पाहावे. प्रभूने कुष्ठरोग्यास स्पर्श केला तेव्हा लोकांच्या समजुतीप्रमाणे जो धोका होता तो त्याने स्वतःवर घेतला. रोग्याकडे त्याच्यापासून केवळ आरोग्य गेले. मी न धुतलेल्या हाताने शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या नळीस स्पर्श करतो तेव्हा धोका माझ्यापासून रोग्याकडे जातो. मी सुरक्षितच राहतो. बाहेरून दोन्ही स्पर्श सारखे दिसतात. आतून ते एकमेकांच्या उलट आहेत. स्वतःच्या जिवावर उदार होणे हे धैर्य आहे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्यास धैर्य हे नाव देता येत नाही. तसेच, अस्पृश्यता पाळणारा ‘हा मला विटाळील’ ह्या भावनेने दूर सरतो. हात धुणारा ‘मी ह्यास अपाय करीन’ ह्या भावनेने हात धुतो, आणि मग जवळ येतो. पहिला आपल्या शुद्धतेस जपतो, दुसरा शेजाऱ्याच्या प्राणास जपतो. म्हणून साबणाने धुतलेला हात हा स्पर्शाचा नकार नव्हे. ती स्पर्शाची तयारी आहे.

कधी कधी मात्र प्रीतीस खरोखरच अंतर सोसावे लागते, हेही कबूल केले पाहिजे. वर ज्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रोग्यांचा उल्लेख केला, त्या मुलांसाठी अमेरिका व कॅनडा येथे उन्हाळ्यात मेळावे भरत असत. आपल्यासारखाच खोकणारा, आपल्यासारखीच औषधे घेणारा सोबती त्यांना तेथे भेटे. वर्षभराचा एकटेपणा त्या थोड्या दिवसांत विसरला जाई. परंतु बर्कहोल्डेरिया जंतू एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जातो असे जेव्हा सिद्ध झाले, तेव्हा १९९० नंतरच्या काही वर्षांत ते मेळावे बंद करावे लागले. जे एकमेकांचे दुःख सर्वांत अधिक जाणत होते त्यांनीच एकमेकांपासून दूर राहावे असे ठरले. ह्याहून कष्टदायक नियम क्वचितच असेल. तरी त्या मुलांनी पत्रांनी व इतर साधनांनी स्नेह राखला, तर तो स्नेह खोटा ठरत नाही. पौल रोम येथे कैदेत असता फिलिप्पै येथील मंडळीवर त्याची प्रीती उणी झाली होती काय? ज्या प्रीतीस दूर राहणे भाग पडते आणि जी तरीही तुटत नाही, ती लहान प्रीती नव्हे.

येथे विचारी वाचक विचारील, ‘सर्वांत दुर्बल मनुष्याच्या मापानेच सर्व जगाने चालावयाचे म्हटले, तर जगणेच अशक्य होईल. शेतकऱ्याने मातीस हात लावू नये की काय?’ नाही, असे कोणी म्हणत नाही. पौल तरी सर्वत्र मांस वर्ज्य करा असे सांगत नव्हता. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा, असे त्याने त्याच पत्रात म्हटले आहे. दुर्बल भाऊ जेथे पंक्तीस आहे तेथे त्याच्याकडे पाहा, एवढेच त्याचे सांगणे. शेतात मातीस भिण्याचे कारण नाही. परंतु मातीचा हात घेऊन जेव्हा आपण रोग्याच्या खाटेशी येतो, किंवा घरातील नवजात बालकास उचलतो, तेव्हा आपण त्याच्या पंक्तीस येतो, आणि तेथे माप त्याचे.

शिवाय कर्तव्य ज्ञानाबरोबर वाढते. सन १८४७ पूर्वी व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात प्रेतांची चिरफाड करून आलेले वैद्य तशाच हातांनी बाळंतिणींची तपासणी करीत. त्यांना कोणी शिकविले नव्हते. त्यांचा न्याय देव करील. पण त्या वर्षी सेमेलवाइस नावाच्या वैद्याने चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिल महिन्यात तेथे शेकडा अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जून महिन्यात हे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास आले. तरीही पुष्कळ मोठ्या वैद्यांनी ही शिकवण झिडकारली. आपल्यासारख्या प्रतिष्ठितांच्या हातून मरण पसरते हे मान्य करणे त्यांना जड गेले. ज्ञान होण्यापूर्वी जे दुर्दैव होते, ते ज्ञान झाल्यावर दोष झाले. आज आपण हे सर्व जाणतो. आपल्या हातांस ते निमित्त राहिले नाही.

आता उपचाराविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण तेथेही हाच प्रश्न आडवा येतो. हे क्वचित् आढळणारे जंतू साध्या औषधांस दाद देत नाहीत. सेरेशियावर साधे पेनिसिलिन चालत नाही. आणि इतर हट्टी जंतूंसाठी शेवटचे हत्यार म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन नावाचे औषधही त्यावर स्वभावतःच निरुपयोगी आहे. काही औषधे आरंभी लागू पडल्यासारखी दिसतात, पण उपचार चालू असतानाच हा जंतू त्यांचा नाश करणारा रस अधिक प्रमाणात उत्पन्न करू लागतो. म्हणून चांगला वैद्य प्रथम रक्त, लघवी किंवा कफ तपासणीस पाठवितो, जंतू वाढवून पाहतो, कोणत्या औषधाने तो मरतो हे अजमावितो, आणि मग औषध नेमतो. ह्यास दोन-तीन दिवस लागतात. रोगी फारच अत्यवस्थ असला तर अंदाजाने औषध सुरू करून तपासणीनंतर ते बदलतात. जी नळी खिंडार झाली असेल तीही शक्य असल्यास काढून टाकावी लागते. खिंडार उघडे ठेवून नुसती तलवार चालविण्यात अर्थ नसतो. अशा वेळी ‘डॉक्टर काहीच करीत नाहीत, भारी इंजेक्शन द्या’ असा गलका करणारे नातलग रोग्याचे हित करीत नाहीत.

आणि घरी आपण काय करतो? खोकला झाला की शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेतो. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या पुन्हा फळीवर ठेवतो. पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग ह्यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी व्याख्यान देताना एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका मनुष्याचा घसा दुखत होता. त्याने आपल्याच मनाने थोडे पेनिसिलिन घेतले. ते जंतू मारण्यास अपुरे होते, पण त्यांना सहन करावयास शिकविण्यास पुरेसे होते. तो बरा झाला. परंतु त्याच्यापासून ते कणखर झालेले जंतू त्याच्या बायकोस लागले, पेनिसिलिन तिच्यावर चालले नाही, आणि ती मेली. तिच्या मरणास उत्तरदायी कोण, असा प्रश्न फ्लेमिंग ह्यांनी श्रोत्यांस विचारला. गोष्ट कल्पित होती, पण आज सर्व जगातील रुग्णालयांत ती खरी झाली आहे. त्या नवऱ्यास विचारले असते तर तोही म्हणाला असता, ‘मला काही झाले नाही.’

उपदेशक बंधू, बायबल स्त्रिया आणि मंडळीतील वडीलजन ह्यांनी ह्या विचारातून काही गोष्टी आचरणात आणाव्यात अशी विनंती आहे. आजाऱ्यास भेटणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे, ते सोडू नये. पण सर्व गावाने एकाच दिवशी दवाखान्यात जाणे हे कर्तव्य नव्हे. मंडळीने एक-दोघांस पाठवावे; इतरांनी त्या रोग्याची गुरे पाहावीत, शेतात पाणी द्यावे, त्याच्या लेकरांस भाकर घालावी. ही भेटच होय. ज्यास खोकला, ताप किंवा वाहते गळू आहे त्याने घरूनच प्रार्थना करावी. आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर हात साबणाने नीट धुवावे. खाटेशी हात चोळण्याचे औषध ठेवले असेल तर ते वापरावे. रोग्याच्या खाटेवर बसू नये. नळ्यांस व पट्ट्यांस हात लावू नये. प्रार्थना करताना मस्तकावर हात ठेवावयाचा असल्यास तो धुतलेला असावा. ज्या खोलीत स्पर्शास मनाई आहे तेथे दाराशी उभे राहून प्रार्थना करावी. कफर्णहूम येथे शताधिपतीच्या चाकरास प्रभूने त्याच्या घरी न जाता बरे केले. तेव्हा प्रार्थना दारापाशी अडेल अशी भीती बाळगू नये. औषधे वैद्याने सांगितली तितकीच व तितके दिवस घ्यावीत. उरलेली कोणास वाटू नयेत. आणि परिचारिका नियम सांगते तेव्हा तिचे ऐकावे, मग ती आपल्या मुलीच्या वयाची का असेना.

ह्यांत एकही गोष्ट मोठ्या त्यागाची नाही. त्यामुळेच त्या टाळल्या जातात. मोठ्या त्यागाचे कौतुक होते. हात धुणाऱ्याचे कोणी कौतुक करीत नाही, आणि त्याच्यामुळे कोण वाचला हे त्यास कधी कळतही नाही. ज्या म्हाताऱ्यास बाधा झाली नाही तो आपले आभार मानावयास येत नाही, कारण आपण त्यास काय दिले हे त्यास ठाऊक नसते. परंतु जो पिता गुप्त गोष्टी पाहतो त्यास ते ठाऊक असते.

प्रभूने शेवटच्या न्यायाच्या दिवसाविषयी सांगताना आपण आजाऱ्यांमध्ये होतो असे म्हटले आहे. तेव्हा खाटेवर जो निजला आहे, ज्याच्या शरीराच्या तटास खिंडारे पडली आहेत, तोच आपले माप आहे. ‘आम्हांस काही होत नाही’ असे म्हणण्याचा मोह होईल तेव्हा त्या खाटेकडे पाहावे आणि विचारावे, ‘आम्हांस नाही, पण ह्यास?’ आणि उत्तर येईपर्यंत हात धुवीत राहावे.